बर्फातली खडखड

कॅनडाच्या क्विबेक प्रांतातले वालकूर हे जोसेफ-आर्मांद बोंबार्डिये यांचे गाव. १९३४ च्या हिवाळ्यात रस्ते बर्फाने बुजले आणि त्यांचा आजारी मुलगा इस्पितळात पोहोचू शकला नाही. पुढे १९५९ साली त्यांची चिमुकली बर्फगाडी बाजारात आली.

अशाच एका गाडीतून आम्ही गावाबाहेर पडलो. जरा थांबलो, तो डब्यात खडे हलवावेत तसा आवाज! माझे धाबे दणाणले. म्हाताऱ्या वाटाड्याने मात्र इंजिनाचा वेग किंचित वाढवला. खडखड थांबली.

"बेअरिंग असते तर आवाज वेगाबरोबर वाढला असता. हा क्लच!"

इंजिन बंद करून त्याने झाकण काढले. पुढच्या पुलीची सरकती तबकडी हाताने मागेपुढे फिरवून पाहिली. टकटक! तिला आधार देणारी प्लॅस्टिकची बटणे झिजली होती. शेडमध्ये परतून त्याने ती सगळीच बदलली. मी मदतीच्या उत्साहाने तेलाची कुपी पुढे केली, तर त्याने माझा हातच धरला.

"तेल नको, मस्यू! पट्टा घसरेल."

गाडी निमूट चालू लागली. आपण अशा खडखडीला 'चालायचेच' म्हणून सोडून देतो. पण रस्ता बुजला की लेकरू दगावते हे ज्या गावाने पाहिले, तिथे यंत्राची कुरकुरही कान देऊन ऐकतात!