बियाण्याचा पैसा अन् डे ट्रेडिंग

राजेहो, पुतण्या इतवारीत ठोक किराण्याच्या दुकानात कामाला आहे. परवा म्हणे, "काका, सोयाबीनच्या पट्टीतले पन्नास हजार द्या, डे ट्रेडिंग सुरू करतो."

सव्वानऊला बाजार उघडते, साडेतीनला बंद. त्याच दिवशी घ्यायचं, त्याच दिवशी विकायचं. दलालाकडून पाचपटीपर्यंत सौदा करता येते, म्हणजे पन्नास हजारावर अडीच लाखाचा. पोट्ट्याला हेच गोड वाटते. पण भाव दोन टक्के पडला की पाच हजार गेले, वरून दलाली अन् कर वेगळा.

सेबीनं 2024 मध्ये सांगितलं, 2022-23 मध्ये शेअरात असे एका दिवसाचे सौदे करणाऱ्या 10 पैकी 7 जणांना तोटा झाला. तिशीच्या आतल्यांत तर आणखी जास्त. आपल्याला सोयाबीनचा भाव तरी कळते, पण त्याचा वायदा सेबीनं डिसेंबर 2021 मध्येच थांबवला. मग न पाहिलेल्या कंपनीवर डाव लावायचा?

बियाण्याचा पैसा देत नाही म्हटलं. आधी दोन महिने वहीत सौदे लिही: किती भावात घेतलं, किती पडल्यावर निघायचं. मग स्वतःच्या पगारातले दोन हजार लाव.

नाराज आहे. पण वही लिहितो. पहिल्या आठवड्यात नऊ सौदे, सहात तोटा.