पडीक म्हणजे किती रुपयांची?

आपल्या जिल्ह्यात कुठलाही मोठा प्रकल्प यायचा म्हटला की एक वाक्य हमखास कानावर पडतं. "जागा पडीकच आहे, नुसता कातळ आहे. कोणाचं काय जातंय?" गेल्या वीसेक वर्षांत मी हे वाक्य वेगवेगळ्या पक्षांच्या आणि वेगवेगळ्या हुद्द्यांच्या लोकांकडून ऐकून वहीत उतरवून घेतलंय. आज त्या 'पडीक' शब्दाचाच हिशोब मांडतो. पोस्ट लांबलीय, सवडीने वाचा.

मुलगी अकरावी कॉमर्सला आहे. अर्थशास्त्रातल्या अगदी सुरुवातीच्या दोन कल्पना तिला समजावताना वाटलं, की ह्या आपल्या ग्रामसभांत आणि जनसुनावण्यांत आधी शिकवायला हव्यात. पहिली म्हणजे संधी खर्च. एखादी गोष्ट निवडताना हातातला दुसरा सगळ्यात चांगला पर्याय आपण सोडतो, तो त्या निवडीचा खरा खर्च. खिशातून गेलेले पैसे हा त्याचा फक्त एक भाग. दुसरी कल्पना वास्तववादी आणि आदर्शवादी विधानांची. काय आहे, काय केलं तर काय होईल, हे सांगणारं विधान वास्तववादी. ते खरं असेल किंवा खोटं, पण तपासता येतं. काय असायला हवं हे सांगणारं आदर्शवादी. ते मोजपट्टीने तपासता येत नाही, त्यावर माणसांनी बसून ठरवायचं असतं.

आंब्याचं उदाहरण घेऊ. समजा, एकाची घरची हापूसची बाग आहे. व्यापारी ती हंगामापुरती दोन लाखाला कराराने मागतोय. हा म्हणतो, नको, मीच करतो. फवारणी, राखण, काढणी, पेट्या, वाशीचं भाडं जाऊन त्याच्या हातात दोन लाख चाळीस हजार उरले. गडी खूश, चाळीस हजार जास्त सुटले म्हणून. पण त्या चार महिन्यांत त्याची रिक्षा दारात उभी होती, तिचे साठ हजार बुडाले. म्हणजे हिशोबात तो वीस हजाराने मागे आहे. आता तो म्हणाला, "आजोबांनी लावलेली कलमं मी परक्याच्या हाती देणार नाही," तर त्याला चूक कोण म्हणेल? तो त्याच्या मूल्यांचा प्रश्न आहे. फक्त ह्या मायेची किंमत वीस हजार आहे हे त्याला ठाऊक असावं. मग त्याने खुशाल ती मोजावी.

आता हाच हिशोब सड्यावर नेऊ.

सातबारावर सड्याचं क्षेत्र बहुतेक वेळा 'पोटखराबा' म्हणून लागलेलं असतं. लागवडीला अयोग्य, एवढाच त्याचा अर्थ. मीटिंगमध्ये मात्र त्याचा अर्थ 'बिनकामाची जमीन' असा होतो. सडा काय करतो? पावसाळ्यात गुरं चारतो. पाऊस सरला की गवताचे भारे देतो, त्यावर गोठा उन्हाळा काढतो. जांभ्यातून पाणी मुरतं आणि खालच्या वाडीतल्या विहिरीला, झऱ्याला मिळतं. आणि त्याच कातळावर कातळशिल्पं आहेत. २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारशाच्या यादीत कोकण-गोव्यातली नऊ ठिकाणं गेली. त्यातली सात आपल्या जिल्ह्यातली आहेत: उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, देवाचे गोठणे आणि बारसू. होय, तेच बारसू. ज्या वर्षी ते ह्या यादीत गेलं, त्याच वर्षी जानेवारीत राज्य सरकारने रिफायनरीसाठी त्याचं नाव केंद्राला कळवलं होतं.

शिवाय 'पडीक' ही काही कायमची जात नव्हे. १९९० च्या सुमारास रोजगार हमीतून फळबाग योजना आली, शंभर टक्के अनुदानाची. लोकांनी कातळात सुरुंग लावून खड्डे केले, बाहेरून माती आणून भरली, कलमं लावली. पडीक म्हणून सोडलेल्या कितीतरी जमिनीवर आज हापूस आणि काजू उभे आहेत. ती जमीन त्याआधी फुकट देऊन टाकली असती, तर खर्च शून्यच दिसला असता ना?

यावर उत्तर येतं, "पण भरपाई देतो की!" जैतापूरच्या जमिनीचा दर २०१३ मध्ये हेक्टरी साडेबावीस लाख करण्यात आला होता. रक्कम लहान नाही. पण भरपाई आणि खर्च ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात बाजारभाव काढताना आजूबाजूची मागच्या तीन वर्षांतली खरेदीखतं बघतात, वर दिलासा रक्कम देतात. सड्याची खरेदीखतं होतात किती आणि कोणत्या दराने, हे इथल्या माणसाला सांगायला नको. त्यात भरपाई मिळते ती सातबारावर नाव असलेल्याला. तिथे गुरं चारणाऱ्याचं नाव नसतं. खालच्या वाडीत ज्याची विहीर आहे त्याचंही नसतं. आणि साखरी नाट्याच्या मच्छीमाराने कुठला उतारा आणायचा? समुद्राला सातबारा नाही.

इथपर्यंत वाचून विरोधाच्या बाजूची मंडळी खूश झाली असतील. थांबा जरा.

"एक इंचही देणार नाही" ह्या निर्णयालाही संधी खर्च आहे. २००१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १६ लाख ९७ हजार होती. २०११ मध्ये ती १६ लाख १५ हजार झाली. वाढली नाही, घटली. दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया. ह्या आकड्यामागे काय आहे हे वाडीतल्या कुलूपबंद घरांना विचारा, मुंबईच्या गाडीत बसलेल्या विशीतल्या पोरांना विचारा. प्रकल्प नाकारला की खर्च संपला, असं होत नाही. तो खर्च भलत्याच घराच्या दारात जातो, आणि त्याचीही नोंद कुठे होत नाही.

म्हणून विधानं वेगळी करायला शिकलं पाहिजे. "रिफायनरी आली तर स्थानिकांना इतक्या नोकऱ्या मिळतील" हे वास्तववादी विधान आहे. तेव्हा दाखवा: बांधकामापुरत्या किती, कायमच्या किती, आयटीआय झालेल्याला किती. "रिफायनरी आली तर आंबा संपेल" हेही वास्तववादीच. तेव्हा तुम्हीही दाखवा: किती अंतरावर, कशामुळे, कुठे असं घडलंय. "विकास झालाच पाहिजे" आणि "आमचं कोकण आहे तसंच राहिलं पाहिजे" ही दोन्ही आदर्शवादी विधानं. दोन्ही बोलायचा पूर्ण हक्क आहे. घोळ होतो तो 'पाहिजे'ला 'आहे'चे कपडे घातले की. "पडीक आहे" हे त्यातलंच. ऐकायला माहिती वाटते, आत मत असतं: इथल्या आजच्या वापराला किंमत देऊ नये, असं मत.

आश्वासनं तपासायला आपल्याला लांब जावं लागत नाही. गुहागरात एन्रॉनचा दाभोळ प्रकल्प १९९९ मध्ये सुरू झाला. दर परवडेना, मे २००१ मध्ये वीज मंडळाने वीज घेणं थांबवलं. डिसेंबरात अमेरिकेत कंपनीच दिवाळखोरीत गेली. २००५ मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर ह्या नावाने नवी सुरुवात झाली, २०१३ मध्ये गॅसअभावी निर्मिती थांबली, २०१५ च्या अखेरीस रेल्वेसाठी पुन्हा चालू झाली. जैतापूरला पर्यावरण मंजुरी नोव्हेंबर २०१० ची. तेव्हापासूनच्या वर्षांत तिथे ना वीज निघाली, ना शेतकऱ्याकडे जमीन राहिली. नाणारला मे २०१७ मध्ये अधिसूचना निघाली, मार्च २०१९ मध्ये ती रद्द झाली. मधल्या काळात तिथल्या माणसाने नवी कलमं लावावीत का? घर बांधावं का? टांगून राहिलेल्या वर्षांचाही संधी खर्च असतो. तो कुठल्याच प्रकल्प अहवालात सापडत नाही.

हा वाद पुस्तकी नाही, म्हणून एवढं लिहिलं. १८ एप्रिल २०११ ला जैतापूरच्या आंदोलनात पोलीस गोळीबारात साखरी नाट्याचा एक तरुण मच्छीमार गेला. ६ फेब्रुवारी २०२३ ला राजापुरात गाडीच्या धडकेत पत्रकार शशिकांत वारिशे जखमी झाले, दुसऱ्या दिवशी ते गेले. रिफायनरीवर ते लिहीत होते. माणसं समर्थक आणि विरोधक अशा दोनच खात्यांत टाकली की आकडा विचारणाराही शत्रू वाटायला लागतो.

पुढची जनसुनावणी जेव्हा लागेल, समर्थक असा की विरोधक, तीन प्रश्न लिहून न्या. ह्या जागेचा आज कोण कोण काय वापर करतं, सातबारावर नाव नसलेले धरून? ती दिली तर ह्यातलं काय जाईल, आणि नाही दिली तर काय हुकेल, दोन्ही आकड्यांत? आणि हा खर्च कोणाच्या घरातून जाणार? ह्याची उत्तरं टेबलावर आली की मग 'पाहिजे' आणि 'नको' यावर कडाकडा भांडू. तोवर कोणी 'पडीक' म्हणालं तर शांतपणे विचारा: कोणाच्या हिशोबाने?