देवगड किती वाजता गेलं?

ती. आक्का,


फोनच करणार होते, पण सातनंतर रेंज गेली ती गेलीच. बोटीवर वायफाय विकत मिळतं. मात्र मुलांनी ते घेतलं असतं तर आम्ही डोंबिवलीतच बसून राहिल्यासारखे झालो असतो, म्हणून कुणीच घ्यायचं नाही असा ठराव झाला. तो मोडायला दीर टपलेलेच आहेत. तेव्हा पत्र. उद्या गोव्यात टपालपेटी दिसली तर टाकीन, नाहीतर परत आल्यावर.

दुपारी बॅलार्ड पिअरला पोचलो. आम्ही सहा आणि सुहासचं कुटुंब पाच, असे अकरा जण. बॅगांना चिठ्ठ्या लावून त्या आधीच ताब्यात घेतात आणि थेट खोलीच्या दाराशी आणून ठेवतात. सासूबाईंचा त्यावर अजिबात विश्वास नव्हता. औषधं, चकल्या आणि देवाची डबी त्यांनी हातातल्या पिशवीत ठेवली आणि ती मशीनमधून जाईपर्यंत तिच्यावरची नजर हलवली नाही. विलायतेच्या मेलबोटी याच धक्क्याला लागायच्या, तुमच्या कोकणच्या बोटी भाऊच्या धक्क्याला. म्हणजे आपल्या घरातून बॅलार्ड पिअरवरून बोटीत चढणारी मीच पहिली. घराण्याची प्रतिष्ठा वाढली म्हणायची.

बोटीचं नाव एम्प्रेस. नवी नाही. १९९० साली फ्रान्समधल्या सेंट नाझेरच्या गोदीत बांधली, बरीच वर्षं कॅरिबियनकडे फिरली आणि २०२१ पासून मुंबईहून सुटते. हे मी सांगितल्यावर सुहासची बायको म्हणाली, "म्हणजे सेकंडहँड?" पण आत पाऊल टाकलं आणि तिचंच तोंड उघडं राहिलं. मधोमध मोठा चौक, काचेच्या लिफ्ट, वरपर्यंत दिवे. लग्नाचा नवा हॉल म्हण ना. पहिला तास सगळे वर-खाली हिंडून एकमेकांना हरवत होते. फोन बंद पडल्यावर तर मजाच झाली. "साडेआठला मोठ्या जिन्यापाशी" असं तोंडी ठरवायला लागलं, आणि गंमत म्हणजे सगळे वेळेवर आले. घरी चार मेसेज टाकूनही जेवायला येत नाहीत!

पहिलं जेवण कसलं, तर छोले-भटुरे. जैनांचं वेगळं, दाक्षिणात्य वेगळं, चायनीज वेगळं. मासे होते, पण सॉसमध्ये पोहणारे. बोंबील नाही, बांगडा नाही, सोलकढीचं तर नावच काढू नकोस. तू असतीस तर आचाऱ्याला बाहेर बोलावून घेतलं असतंस.

सुटण्याआधी एक कवायत झाली. सात आखूड भोंगे आणि एक लांब, हा संकटाचा इशारा. तो वाजला की खोलीच्या कार्डावर लिहिलेल्या जागी जमायचं, तिथे जॅकेट कसं घालायचं ते दाखवतात. बरेच लोक आइस्क्रीम हातात घेऊनच आले होते. आमच्या रांगेतला एक जण सारखा म्हणत होता की हे सगळं नाटक आहे. नाटक नाही गं. २०१२ च्या जानेवारीत इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया नावाची अशीच प्रवासी बोट खडकावर चढून कलंडली आणि ३२ माणसं गेली. त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो लोकांची कवायत तोवर झालेलीच नव्हती, कारण जुन्या नियमात चोवीस तासांची सवड होती. आता प्रवासी चढले की सुटण्याआधी किंवा सुटल्याबरोबर ती घ्यावीच लागते. मला त्या वेळी 'रामदास'च आठवत होती. १७ जुलै १९४७, गटारी अमावास्या, रेवसला निघालेली बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेच्या वर माणसं बुडाली. आजी ते सांगताना मध्येच उठून पाणी प्यायला जायची. मुलांना मी हे सांगितलं नाही, पण जॅकेटची क्लिप दोनदा लावायला लावली.

पाचच्या सुमारास बोट सुटली. हा दिवसातला खरा चांगला तास. ताज आणि गेटवे समुद्रावरून बघायचे, मग कुलाबा, मग प्रॉन्ग्जचं दीपगृह. १८७५ सालचं, अजून उभं आहे. थोड्या वेळाने बंदराचा पायलट उतरला. चालत्या बोटीच्या कुशीला दोराची शिडी सोडतात आणि तो माणूस खाली उसळणाऱ्या लाँचवर पाऊल टाकतो. बाकी सगळे सूर्यास्ताचे फोटो काढत होते. मी आणि सासूबाई मात्र त्या माणसाकडेच बघत राहिलो, आणि तो नीट उतरल्यावर सासूबाईंनी हात जोडले.

डावीकडे खांदेरी दिसली. बेट आणि त्यावरचा दिवा, एवढंच. १६७९ साली महाराजांनी तिथे किल्ला बांधायला घेतला तेव्हा इंग्रज आणि सिद्दी दोघांनीही अडवलं, तरी मायनाक भंडारीने काम रेटलं. मुंबईच्या अगदी तोंडावर! २०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यातले चार पाण्यातले किंवा पाण्याकाठचे: खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग. आज रात्रीतून आमची बोट या चारही किल्ल्यांना समांतर जाणार. भोंग्यावर याची घोषणा होईल असं मला उगाचच वाटलं होतं. घोषणा झाली ती बिंगोची.

इथे माझी खरी तक्रार सुरू होते, आणि ती या एका बोटीबद्दल नाही, या धंद्याबद्दलच आहे. मुंबई ते गोवा हा किनारा म्हणजे जगात कुणालाही दाखवावा असा. पण गोव्याचा दिवस वाया जाऊ नये म्हणून तो सगळा अंधारात उरकतात. आत दिवे इतके प्रखर, की खिडकीत आपलंच तोंड दिसतं. बऱ्याच खोल्यांना तर खिडकीच नाही. पाण्याखाली दोन्ही कुशींना पंखासारखे स्टॅबिलायझर बाहेर काढतात, त्यामुळे बोट डोलतही नाही. "चालतेय ना?" हा प्रश्न आज मी कितीतरी जणांकडून ऐकला. समुद्र बघायचा तर तो शोधत जावं लागतं. नाचगाणं, पत्ते, मसाज, मुलांच्या घसरगुंड्या, सगळं त्याच्याकडे पाठ करून मांडलेलं. दिवसा चालवा ना एखादी फेरी! एक माणूस माईकवर सांगत बसला, हे हर्णै, हे दाभोळ, हे जयगड, तर मी बुफे सोडून दिवसभर कठड्याला उभी राहीन.

तुमची बोट बरी होती असं मी म्हणत नाही. डेकवर सतरंजी अंथरलेली, शेजारी कुणाच्या कोंबड्या, पलीकडे कुणी ओकतंय, आणि बंदर आलं की बोट लांब उभी, पडावात उतरताना पोर कुणाच्या तरी हातात फेकायचं. तूच सांगायचीस, आणि सांगताना शिव्याही द्यायचीस. पण प्रत्येक बंदराचं नाव तुला तोंडपाठ होतं ते त्या त्रासामुळेच ना?

रात्री जेवणानंतर सुहासचे वडील, म्हणजे काका, मला वरच्या डेकवर डाव्या बाजूला घेऊन गेले. त्यांचं बालपण हर्णैचं. किनारा दिसत नव्हताच. दिसत होते ते मासेमारीच्या बोटींचे दिवे, आणि त्यातले काही इतके पांढरे की बघवेना. काका म्हणाले, "एलईडीवाले." एलईडी दिव्यांनी मासे पकडायला २०१७ साली बंदी घातलेली आहे ना, असं मी विचारलं. त्यांनी फक्त दिव्यांकडे बोट दाखवलं. आपल्याकडचे गाबीत मच्छीमार यावर काय बोलतात ते तुला माहीतच आहे, मी लिहीत नाही.

तिथेच कॉफी घेऊन एक मुलगा आला. काकांचं बोलणं ऐकून थबकला. श्रीवर्धनकडचा निघाला, आजोबा खलाशी, मामा आखातात टगवर. आपलं गाव साधारण केव्हा येतं ते त्याला ठाऊक आहे, पण त्या वेळी तो नेहमी खाली, जेवणाच्या हॉलमध्ये असतो. "आज मॅडम, तुम्ही कॉफी सांगितलीत म्हणून वर आलो," म्हणाला. काकांनी त्याला हाताला धरून कठड्याशी उभं केलं आणि अंदाजाने एक दिशा दाखवली. ती चूक असावी, कारण मुलाने हसून जराशी मागची दाखवली.

आता एक वाजून गेलाय. सासूबाई घोरताहेत, गोळी न घेता; त्यांना बोट लागलेली नाही, आणि त्याचा त्यांना किंचित अपमान वाटतोय. आपलं देवगड नक्की कधी जाईल कोण जाणे. पहाटे उठवायचं काकांनी कबूल केलंय.

आणि हो, एक काम आहे. काका आणि दीर यांची पैज लागली आहे. मुंबईहून निघालेली जुनी बोट आधी मुसाकाजीला लागायची की विजयदुर्गला? दीर नकाशा काढायला निघाले होते, पण रेंज नाही, म्हणून निकाल तुझ्यावर सोपवलाय. हरणाऱ्याने अकरा जणांना मालवणी जेवण घालायचं आहे. काय ते लवकर कळव, आणि दिरांचा कौल विजयदुर्गाला आहे हे लक्षात ठेवून कळव.

तुझी,
बेबी