म्हातारी, भोपळा आणि ट्रिक ऑर ट्रीट

ऑक्टोबर म्हटलं की आपल्याकडे काय आठवतं? ऑक्टोबर हीट, एसीचं सर्व्हिसिंग आणि दिवाळीचं रिझर्व्हेशन! अमेरिकेच्या ईशान्य भागात मात्र हा महिना म्हणजे वर्षाचा हीरो. झाडं लाल-केशरी होतात, ऑफिसात लंचला ‘या वीकएण्डला पानं बघायला कुठे?’ एवढा एकच विषय असतो आणि प्रत्येक दुकानाच्या दारात भोपळ्यांचे ढीग लागतात. हो, भोपळेच. ताटात दिसला की आपण ज्याला बघून नाक मुरडतो, तोच लाल भोपळा इथे महिनाभर सेलिब्रिटी असतो.

ही गोष्ट २०२४ ची. त्या जूनमध्ये नवऱ्याच्या ट्रान्स्फरबरोबर आम्ही पुण्याहून न्यू जर्सीत, प्रिन्स्टनजवळच्या एका गावात मुक्काम हलवला. टीममध्ये साडेपाच वर्षांची लेक, अडीच वर्षांचे चिरंजीव आणि ऑक्टोबरपासून सासूबाई, ज्यांना मी आईच म्हणते. घर छान, रस्ते छान, पण माणसं कुठेत? गॅरेजचं दार रिमोटनं उघडतं, गाडी आत जाते, दार बंद. तीन-चार महिन्यांत शेजाऱ्यांशी ओळख काय, तर काचेआडून हात हलवणं. पुण्यात एव्हाना समोरच्यांनी आमचा पगारसुद्धा विचारून झाला असता!

त्यात लेकीचं वेगळंच. घरी अखंड पोपटपंची आणि सप्टेंबरमध्ये शाळा सुरू झाल्यापासून वर्गात मात्र मौनव्रत. एक शब्द नाही. नव्या भाषेत आलेली मुलं काही महिने नुसती ऐकत असतात, टेन्शन घेऊ नका, असं तिच्या बाई म्हणाल्या. टेन्शन घेऊ नका म्हटलं की ते डबल येतं, हे तुम्हाला सांगायला नको. घरात बसून एकमेकांचं डोकं खाण्यापेक्षा दर शनिवारी गाडी काढायची, असं आम्ही दोघांनी ठरवून टाकलं.

पहिला स्टॉप प्रिन्स्टनजवळच्या कोल्ड सॉइल रोडवरचा टेरह्यून ऑर्चर्ड्स. १९७५ पासून एकाच कुटुंबानं चालवलेली ही फळबाग. इथे सफरचंदं आपण स्वतः झाडावरून तोडायची. झाडं बुटकी, फांद्या पोरांच्या हाताला येतील एवढ्या खाली. फळ ओढायचं नाही, तळव्यात धरून हलकेच वर उचलून पिळायचं, म्हणजे देठासकट येतं आणि पुढच्या वर्षीची कळी शाबूत राहते. चिरंजीवांनी प्रत्येक सफरचंदाचा एकेक चावा घेऊन पिशवीत टाकायचा सपाटा लावला, तो वेगळा. मग गरमागरम सायडर डोनट. सायडर हा शब्द ऐकून आईंचा चेहरा पडला होता. पण इथे साधं सायडर म्हणजे न गाळलेला सफरचंदाचा रस, चढणारं ते ‘हार्ड सायडर’. खात्री पटल्यावर आईंनी दोन डोनट घेतले.

भोपळ्यांचं शेत ही चीज मात्र बघायलाच हवी. वेली वाळून गेलेल्या आणि मातीवर नजर पोचेल तिथपर्यंत केशरी गोळे! त्या वर्षी न्यू जर्सीत ऑक्टोबरभर पावसाचा जवळजवळ थेंब नव्हता, त्यामुळे आम्ही सगळे धुळीनं माखलेले, अगदी मे महिन्यातल्या एसटीतून उतरल्यासारखे. लेक एका अगडबंब भोपळ्यापाशी बसली, त्यावर टकटक केली आणि आईंना म्हणाली, ‘‘आजी, तू यात मावशील?’’ विमानात झोपवण्यासाठी सांगितलेली ती लेकीकडे निघालेल्या म्हातारीची गोष्ट तिच्या डोक्यात पक्की बसली होती. वाघ, कोल्हा, तूप-रोटी, सगळं. आईंनी भोपळ्याकडे बघितलं, स्वतःकडे बघितलं आणि म्हणाल्या, ‘‘दोन लागतील गं.’’

एक टिप इथेच देऊन टाकते. कोरायचा मोठा भोपळा खायला पाणचट आणि रेषाळ लागतो. घारगे करायचे असतील तर ‘शुगर पम्पकिन’ किंवा ‘पाय पम्पकिन’ नावाचा लहान, गोड भोपळा मागा. आमचे पहिल्या भोपळ्याचे घारगे तेलात विरघळले, दुसऱ्याचे सॉलिड जमले.

पुढचा शनिवार हडसन नदीकाठच्या स्लीपी हॉलोला. वॉशिंग्टन आयर्व्हिंगची १८२० मध्ये प्रसिद्ध झालेली शीर नसलेल्या घोडेस्वाराची भुताची गोष्ट, ती याच परिसरातली. गावाचं जुनं नाव नॉर्थ टॅरीटाउन. १९९६ मध्ये तिथला जनरल मोटर्सचा कारखाना बंद झाला आणि त्याच वर्षी गावकऱ्यांनी मतदान करून गोष्टीतलं नाव गावाला लावून घेतलं. कारखाना गेला, भूत कामाला लागलं! आज ऑक्टोबरमध्ये इथे पार्किंग मिळणं म्हणजे गणपतीत लक्ष्मी रोडला मिळण्यासारखं. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रलहून मेट्रो-नॉर्थची हडसन लाइन पकडून टॅरीटाउनला उतरावं, हे उत्तम. सतराव्या शतकातलं दगडी ओल्ड डच चर्च, शेजारची दफनभूमी, हमरस्त्यावर घोडेस्वाराचं पोलादी शिल्प... छोट्या मुलांना एवढं पुरे. रात्रीचे भुताटकीचे शो त्यांच्यासाठी नाहीतच. जवळच्या क्रोटन-ऑन-हडसनमध्ये २००५ पासून भरणारा कोरलेल्या भोपळ्यांचा ‘ब्लेझ’ मात्र लहानथोर सगळे बघतात. हजारो भोपळे एकदम उजळतात, पण तिकिटं खूप आधी काढावी लागतात. आम्हाला मिळाली नाहीत.

जाता-येता नदीकाठची झाडं बघून आईंची मान दुखली. पानांचा फंडा असा, की दिवस लहान झाले की झाड हरितद्रव्य बनवणं थांबवतं, मग मुळात असलेला पिवळा-केशरी रंग उघडा पडतो. लाल रंग मात्र तेव्हाच नव्यानं तयार होतो आणि दिवसा ऊन, रात्री गारवा असेल तर तो आणखी चढतो. नवऱ्यानं हे सगळं गाडीत समजावून सांगितलं. मागच्या सीटवर तिघंही झोपली होती.

आता मुख्य प्रकरण. त्या वर्षी अमावस्येनं गंमत केली. पुण्यात लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला, पण घड्याळातल्या फरकामुळे आमच्याकडे अमावस्येची संध्याकाळ फक्त ३१ ऑक्टोबरलाच. म्हणजे पहाटे अभ्यंगस्नान, संध्याकाळी लक्ष्मीपूजन आणि त्याच संध्याकाळी हॅलोविन! शेजारच्यांच्या अंगणात आठवडाभर आधीच दहा फुटी सांगाडा उभा राहिला होता. आईंनी पडदा ओढून घेतला. ‘‘लक्ष्मी यायच्या वेळी दारात हाडं? आणि सणाच्या दिवशी लेकरांना दारोदार मागायला पाठवायचं?’’ त्यांचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच जास्त लागला.

मी वाद घातला नाही. सांगितलं फक्त एवढंच, की आयरिश लोक पूर्वी याच रात्री सलगम कोरून त्यात दिवा ठेवायचे, वाईट शक्ती दूर राहाव्यात म्हणून. अमेरिकेत आल्यावर त्यांना भोपळा सापडला, मोठा आणि कोरायला सोपा. आई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘‘म्हणजे आपण दारावर कोहळा बांधतो तसंच की.’’ आणि सुरी घेऊन बसल्या. आमच्या भोपळ्याला दात नव्हते, कपाळावर कुंकू होतं.

ड्रेसचा प्रश्न लेकीनंच सोडवला. वर्गातल्या निम्म्या मुली राजकन्या होणार होत्या, हिला म्हातारी व्हायचं होतं आणि भाऊ तिचा भोपळा. आईंनी स्वतःची जुनी इरकल कापून नऊवारी शिवली, वर कापसाचा अंबाडा आणि हातात काठी. मला मनातून धास्ती. राजकन्येला कोणी काही विचारत नाही, बघताक्षणी ओळखतात. ही इरकलीतली म्हातारी बघून प्रत्येक दारात ‘तू कोण?’ असं विचारणार आणि विचारलं की आमची बाई गप्प!

सहाच्या सुमाराला सूर्य मावळला. पूजा, आरती, लाह्या-बत्तासे, सगळं वेळेत. हवा अशी, की ऑक्टोबरची ३१ तारीख असून स्वेटर नाही. त्या दिवशी पारा २६-२७ अंशांपर्यंत चढला होता. इथला अलिखित नियम सोपा: पोर्चचा दिवा चालू म्हणजे या, बंद म्हणजे नको. दारात निळसर-हिरवा भोपळा असेल तर त्या घरी अॅलर्जीवाल्या मुलांसाठी खाऊऐवजी स्टिकर किंवा खेळणी मिळतात. ही पद्धत २०१४ पासून देशभर पसरली. घरी केलेला खाऊ वाटायचा नाही, कंपनीचं सीलबंद चॉकलेटच द्यायचं. रव्याचे लाडू वाटायचा आईंचा बेत तिथेच बारगळला. त्या चॉकलेटांचं घमेलं घेऊन पणत्यांशेजारी खुर्ची टाकून बसल्या. ‘‘आज तसंही दार लावायचं नसतं,’’ एवढंच म्हणाल्या.

आम्ही चौघं निघालो. पहिलं घर: लेकीनं नुसती बादली पुढे केली. दुसरं, तिसरं, चौथं... तेच. चिरंजीव मात्र फॉर्मात, दार उघडलं की ‘‘टीट!’’ लोक हसायचे, तिला विचारायचे, ती माझ्या पाठीमागे. उत्तर माझ्या जिभेवर यायचं. नवरा हळूच माझा हात दाबायचा. सांगाडेवाल्यांकडे एक वयस्कर गृहस्थ पायरीवरच बसले होते. त्यांनी इतरांसारखं लगेच चॉकलेट दिलं नाही. काठीकडे बघितलं, अंबाड्याकडे बघितलं, ‘‘तू कोण गं?’’ विचारलं आणि थांबले. खरंच थांबले. मला तो वेळ पंधरा मिनिटांचा वाटला.

‘‘आय अॅम ग्रँडमा,’’ लेक म्हणाली. मग भावाकडे काठी दाखवून, ‘‘ही इज माय कार.’’

गृहस्थ मोठ्यानं हसले नाहीत. त्यांनी गंभीरपणे विचारलं, गाडी कुठे चालली आहे? ‘‘माय डॉटर हाउस. टायगर कम. नो ईट मी. आय गो इन पम्पकिन.’’ क्रियापदं कुठेही पडत होती. नवरा घसा साफ करायला बाजूला गेला. मी तिथेच उभी, पण मला नीट दिसत नव्हतं. गृहस्थांनी दोन मूठ चॉकलेटं दिली आणि मग आम्हाला २०१२ चं हॅलोविन सांगितलं. सॅण्डी वादळानं दोन दिवस आधी सगळं झोडपलं होतं, दिवे गेलेले, झाडं आडवी पडलेली. गव्हर्नरनं रीतसर आदेश काढून हॅलोविन ५ नोव्हेंबरवर ढकललं होतं, म्हणे. सण पुढे ढकलायचा सरकारी आदेश! हे आईंना घरी सांगितल्यावर त्यांना फार आवडलं.

आईंचं घमेलं तोवर रिकामं झालं होतं. ‘‘एक वटवाघूळ दोनदा आलं,’’ ही त्यांची तक्रार. लेकीनं बादली जमिनीवर पालथी केली, त्यातलं एक पीनट बटर कप उचलून बत्ताशांशेजारी लक्ष्मीपुढे ठेवलं. आईंनी ते तिथेच राहू दिलं.

पुढच्या आठवड्यात शाळेत चौकशी केली. अजून गप्पच असते, असं बाई म्हणाल्या. पण रोज संध्याकाळी ते गृहस्थ कुत्र्याला घेऊन आमच्या दारावरून जाताना ‘हॅलो, ग्रँडमा’ म्हणायचे आणि ही आतून ओरडून उत्तर द्यायची, कधी इंग्रजीत, कधी चक्क मराठीत. आईंनी त्यांना डबाभर शंकरपाळे पाठवले. शेंगदाणे चालतात की नाही माहीत नसल्यामुळे चिवडा नाही. स्टीलचा तो डबा थँक्सगिव्हिंगपर्यंत परत आला नव्हता. आई मात्र रोज विचारायच्या.