‘माती’वरची तान

भजनात तान म्हणजे नुसती सजावट, अर्थाच्या वाटेतला अडसर, असं म्हणणारे अमरावती-अकोल्याच्या भजनी मंडळांत पुष्कळ आहेत, आणि पुरावाही त्यांच्या बाजूनं आहे. तुकडोजी महाराजांची (१९०९–१९६८) भजनं मोझरीच्या गुरुकुंजातून खेड्यापाड्यांत पोचली ती साध्या चालींवर, खंजेरीच्या ठेक्यावर. शब्द आधी कळला पाहिजे, हे मलाही मान्य. पण मग खंजेरीचं काय करायचं? समेच्या आधी बोटांनी केलेला भरणा अर्थात काहीच घालत नाही, तरी तो काढला की ओळ बसते. म्हणजे भांडण अलंकाराच्या जागेचं आहे. तेराव्या शतकात यादवांच्या देवगिरीत शार्ङ्गदेवानं ‘संगीतरत्नाकरा’त अलंकार सांगितले तेही स्वरांच्या विशिष्ट रचना म्हणूनच.

ही जागा मात्र जन्मभर सापडत नाही. ‘माती’ हा शब्द घ्या. ‘मा’वर तान मोकळी फिरते, पण ऐकणारा ‘ती’साठी ताटकळतो. ‘ती’वर घ्यावी तर ईकारानं गळा आवळतो, आणि तोंड जरा सैल सोडलं की मातीची माता होते. म्हणून बहुतेक गाणारे सरळ ओळीच्या शेवटचा आकार गाठतात, तिथे अर्थ असो वा नसो. स्पर्धेतली मंडळं तर दर ओळीला हेच करतात. पेटीवाला तयार, टाळ्याही ठरलेल्या. त्या टाळ्यांचा मोह माझाही सुटलेला नाही. दम आखूड झाला म्हणून माझ्या ताना कमी झाल्या. लोक त्याला समज म्हणतात, आणि मी म्हणू देतो.

तीच ती हरकत पुन्हापुन्हा आली की पोकळ होते, हा आक्षेप जास्त जड आहे. त्याचं उत्तर मेळघाटात मिळतं. कोरकू लोक मृतांसाठी मुंडा, म्हणजे सागवानी स्मृतिफलक, कोरतात: घोडेस्वार, सूर्य-चंद्र, भोवती नक्षी. मेलेला माणूस जन्मात घोड्यावर बसलेला नसेल, चेहराही त्याचा नसतो. आकृती ठरलेली, पण त्याच्या नावानं, त्याच्या विधीत ती उभी राहिली की घरच्यांसाठी त्याचीच होते. मुरकीचंही तसंच. शंभर चालींत वापरलेली मुरकी ‘मा’वर अर्ध्या मात्रेत उरकून ‘ती’ सरळ ठेवली, तर ती त्या शब्दाचीच वाटते. दाद मिळाली म्हणून पुढच्या कडव्यात भलत्याच शब्दावर तीच घेतली, की मागचे झीलकरी खंजेरी जोरात वाजवून ती झाकतात.