नळ आला, सवय राहिली

2018 मध्ये वलवाडी, महिंदळे, अवधान यांसह 11 गावे धुळे महापालिकेच्या हद्दीत आली. हद्दीची रेघ कागदावर एका दिवसात सरकते. जलवाहिनी आणि गटार मागाहून येतात. सर्वांत शेवटी बदलते ती माणसाची सवय.

सोनगीरच्या माझ्या दवाखान्यात एक आजी आल्या होत्या. शहरालगतच्या वसाहतीत त्या लेकाकडे राहतात. चक्कर, बद्धकोष्ठ, लघवीला जळजळ. दिवसभरात पाणी किती पिता, असे मी विचारले. म्हणाल्या, "दोन-तीन पेले. टँकरच्या दिवसांत लेकरांसाठी राखून प्यायचे, तेच अंगवळणी पडलं." घरात नळ येऊन वर्ष झाले होते!

उतारवयात तहानेची जाणीवच मंदावते. म्हणून तहानेची वाट पाहू नका. घड्याळ पाहून थोडे थोडे पाणी प्या. रात्री उठण्याची धास्ती वाटत असेल, तर बहुतेक पाणी सायंकाळपूर्वीच घ्या. हृदयाचा वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रमाण मात्र डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

घरच्यांनाही विनंती आहे. नव्या वाहिनीचे पाणी गढूळ आल्यास प्रथम सोडून द्या. पिण्याचे उकळून घ्या. साठवणीची भांडी आठवड्यातून एकदा घासून कोरडी करा, कारण डेंग्यूच्या डासाची पैदास तेथेच होते.

आजींना औषध तर दिलेच. शिवाय लेकाने त्यांच्या उशाशी सोनगीरच्या तांबटाकडचा तांब्या भरून ठेवला. तो दिवसातून किती वेळा रिकामा झाला, हे आता नातवंडे मोजतात.