वॉर्सातल्या दगडावर कोल्हापूर

लक्ष्मीबाई नगर,
नवी दिल्ली

चि. भाचेबाईंस,


फोटो मिळाला. वॉर्सात, मोंते कासिनोच्या लढाईच्या स्मारकाशेजारी कोल्हापूर-वळीवडेचं नाव काय म्हणून, असं विचारलंस. 2024 च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी तिथं पुष्पचक्र वाहिलं, तेव्हा आमच्या इथल्या ग्रुपवर याच प्रश्नाची उत्तरं फिरत होती. निम्मी जामनगरची, निम्मी कोल्हापूरची, सगळी मिसळ झालेली. म्हणून सविस्तर लिहितो.

1939 च्या सप्टेंबरात पोलंडवर पश्चिमेकडून हिटलर आणि पूर्वेकडून स्टालिन चालून आला. पूर्व भागातली लाखो माणसं रशियनांनी घरांतून उचलली आणि सैबेरिया-कझाकस्तानात नेऊन टाकली. 1941 साली जर्मनी रशियावरच उलटला, तेव्हा कुठं त्यांची सुटका झाली. पुरुष जनरल अँडर्सच्या फौजेत गेले. त्या फौजेबरोबर बायकापोरंही 1942 साली इराणात पोचली आणि तिथून पांगली: आफ्रिका, मेक्सिको, न्यूझीलंड आणि आपल्याकडं. जामनगरजवळ बालाचडीला जामसाहेब दिग्विजयसिंहांनी ठेवून घेतली ती मुलं, त्यांतली बरीच अनाथ. त्यांच्या आठवणीचा चौक वॉर्सात आहे, तोही बघून ये. कोल्हापूरजवळ वळीवडेच्या कॅम्पात मात्र पोलिश लोकांचं एक आख्खं गाव वसलं होतं.

1943 ते 1948, सुमारे पाच हजार माणसं. बराकींच्या रांगा, शाळा, चर्च, दवाखाना, सिनेमा, स्काउटची पथकं. खर्च सोसत होतं लंडनमध्ये आसऱ्याला गेलेलं पोलंडचं सरकार. जागा आणि शेजार कोल्हापूर संस्थानचा. तेव्हा 'महाराजांनी पाच हजारांना पोसलं' असं कुणी छाती फुगवून सांगितलं, तर लगेच मान डोलवू नकोस. मला तर ही गोष्ट त्यामुळंच जास्त भावते. मिंधेपणात मैत्री फुलत नाही. इथं रोजचा व्यवहार होता. आजी सांगायची, टोपली घेऊन कॅम्पावर जाणाऱ्या भाजीवाल्या पोलिश आकडे शिकल्या होत्या आणि गोऱ्या बायका दोन पैशांसाठी त्यांच्याशी घासाघीस करायच्या. आजीला नवल वाटायचं ते एकाच गोष्टीचं: एवढ्या मोठ्या वस्तीत कर्ते बाप्ये कुठं दिसायचे नाहीत. बायका, मुलं आणि म्हातारी माणसंच जास्त.

ते बाप्ये होते इटलीत. मे 1944 मध्ये मोंते कासिनोचा डोंगर पोलिश फौजेनं घेतला. त्यात पडलेल्या कित्येकांची कुटुंबं अशाच कुठल्या ना कुठल्या छावणीत वाट बघत होती. ती लढाई आणि आपलं वळीवडे शेजारी शेजारी का, ते आता तुला कळलं असेल. जाता जाता एक: त्याच इटलीत आपली मराठा लाइट इन्फंट्रीही लढत होती. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे 10 जुलै 1944 ला तिथं पडले, त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मोंतोने नावाच्या छोट्या इटालियन गावानं 2023 मध्ये त्यांच्या नावाचं सूर्यघड्याळ उभारलं. सुट्टीत इटलीला जाशील तर वाट वाकडी करून बघ.

युद्ध संपलं, पण वळीवडेच्या लोकांना परतायला घर उरलं नव्हतं. त्यांची गावं सोव्हिएत रशियात गेली होती आणि जुलै 1945 मध्ये ब्रिटननं लंडनच्या त्या सरकारची मान्यताही काढून घेतली. 1948 पर्यंत कॅम्प रिकामा झाला. बरेच जण इंग्लंडला गेले. एका पोलिश मुलीनं कोल्हापुरातच लग्न केलं आणि ती इथलीच झाली. रिकाम्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले, त्याचं गांधीनगर झालं. तुझ्या आईच्या लग्नाचा बस्ता तिथंच बांधला होता, तिला विचार.

पुढची चाळीसेक वर्षं पोलंडमध्ये या गोष्टीची वाच्यता नव्हती. कम्युनिस्ट राजवटीत सैबेरियाचं नाव काढायची सोय नव्हती, आणि सैबेरिया गाळला तर वळीवडे सांगणार कसं? आठवण जपली ती परदेशात विखुरलेल्या, कॅम्पात वाढलेल्या मुलांनी. त्यांनी संघटना बांधली, संमेलनं भरवली, आठवणींचं जाडजूड पुस्तक काढलं. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात 1998 साली स्तंभ उभा राहिला, तोवर ती मुलं आजी-आजोबा झाली होती. तुझ्या फोटोतलं स्मारक 2017 चं. 2019 मध्ये, युद्धाला ऐंशी वर्षं झाली तेव्हा, पोलंडचे उप-परराष्ट्रमंत्री कोल्हापूरला येऊन गेले. सरकारं आली ती अशी शेवटी, हार घेऊन. ते चालायचंच. पण मैत्री सरकारांनी केली असं त्यांच्या भाषणांवरून कुणाला वाटू नये.

तुला एक काम सांगतो. कॅम्पातली मुलं आज नव्वदीच्या आसपास आहेत, थोडीच उरलीत. तुझ्या युनिव्हर्सिटीत, चर्चमध्ये, शेजारीपाजारी चौकशी कर. कुणी भेटलं तर कोल्हापूरची आहेस म्हणून सांग, बसून ऐक, आणि परवानगी घेऊन रेकॉर्ड कर. दिवाळीच्या आत कर, पुढं ढकलू नकोस.

तुझा,
मामा